धाव मुलांची, जबाबदारी आपली

पहाटे वसतिगृहाच्या मैदानावर मुले धावू लागली की एखादे पालक हमखास म्हणतात, "अविनाश साबळे सहा किलोमीटर चालत-धावत शाळेत जायचा. बघा, कुठे पोचला!" या वाक्यातील अभिमान मला मान्य आहे, त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाशचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबत. वाहनाची सोय नसल्याने शाळेची वाट पायीच तुडवावी लागे. परंतु अशी वाट तुडवणारी मुले आपल्या भागात हजारो आहेत. गरिबीने खेळाडू घडत असते, तर आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांतून दरवर्षी ऑलिंपिकपटू निघाले असते.

बारावीनंतर अविनाश सैन्यात, ५ महार बटालियनमध्ये दाखल झाला. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. सैन्याचे बंद झालेले दार पुन्हा उघडावे म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये केलेला अर्ज आणि पुढे बाबासाहेबांनी केलेले प्रयत्न तिच्यामागे आहेत. उघडलेले दार पुढे कोणाच्या कामी येईल, हे सांगता येत नाही. म्हणूनच ते उघडावे लागते. सियाचीनमधील सेवेनंतर २०१५ च्या सुमारास तो क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. तेव्हा त्याने विशी ओलांडलेली होती.

ही शर्यत ३००० मीटरची. तीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियोत विक्रम सुधारूनही अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने निसटले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र ते मिळाले. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ नोंदवली. वीस सेकंद कमी करण्यास सहा वर्षे लागली! भरती सहा महिन्यांवर आली म्हणून उपाशीपोटी, फाटक्या बुटांत पळणाऱ्या आणि त्यासाठी शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तार अति ताणली किंवा ढिली सोडली तर वीणा वाजत नाही, असे तथागतांनी त्याला समजावले. मात्र ते केवळ उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञाही दिली. बोध आणि वहाण, दोन्ही दिले.

आपण मुलांना बोधच फार देतो. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : देणगीतून नवी कमान उभारण्यापूर्वी धावणाऱ्या प्रत्येक मुलाला व मुलीला चांगले बूट, सरावानंतर उसळ-अंडी, आठवड्यातून एक दिवस विश्रांती आणि जाणकार प्रशिक्षक मिळेल, एवढे पाहू या. त्यांतील एखादाच अविनाश होईल. उरलेले निरोगी शरीराने बारावी उत्तीर्ण होतील, आणि तेही यश लहान नाही.

जिद्द मुलांकडे आहेच. तिची परीक्षा त्यांच्या उपासमारीने घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.