सहल संपली, पण ओल्या सामानाचे काय?

ऑगस्टमधली रविवार सकाळ. हिमालयातल्या भटकंतीहून रात्रभर बसने प्रवास करून मुले लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये परततात. पाठीवरच्या पिशव्या दाराशी ठेवून थेट अंथरुणात शिरतात. दोन झाडांना बांधायचा कापडी झोपाळा म्हणजे हॅमॉक, त्यावरची ताडपत्री, दोऱ्या, स्लीपिंग बॅग, सारे ओलेच पिशवीत राहते. ‘संध्याकाळी बघू’ म्हणताना चार दिवस जातात. मग पिशवी उघडताच कुबट वास येतो आणि कापडावर काळे ठिपके दिसतात.

दिल्लीच्या मे महिन्यात धुणे बघता बघता वाळते. तोच हिशेब पावसाळ्यात चालत नाही. दमट हवेत बंद पिशवीतल्या ओल्या कापडावर एक-दोन दिवसांतही बुरशी धरते. म्हणून आंघोळीच्याही आधी सर्व सामान बाहेर काढावे.

चिखल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावा. ब्लीच, कडक साबण आणि इस्त्री वापरू नये. बाल्कनी लहान असेल तर खोलीत दोरी बांधून सामान पंख्याखाली पसरावे. कूलर मात्र बंद ठेवावा, कारण तो हवेत ओलावाच सोडतो. ऊन पडले तरी नायलॉनचे कापड दिवसदिवस उन्हात ठेवू नये, त्याने ते कमजोर होते. अधूनमधून बाजू पालटाव्या. शिवणी, गाठी आणि जाड पट्टे सर्वांत शेवटी वाळतात, ते हाताने चाचपून पाहावेत. सुती दोर असेल तर अधिक काळजी घ्यावी. तो ओलाव्याने कुजतो आणि झोपाळ्यात माणसाचे सगळे वजन दोरावरच असते.

पूर्ण वाळल्यावरही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. जुना सुती अभ्रा उत्तम. स्लीपिंग बॅग आवळून न ठेवता कपाटात सैल टांगावी, म्हणजे तिची ऊब टिकते.

हा खटाटोप केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. ओलसर राहिलेल्या ताडपत्रीचा जलरोधक थर हळूहळू चिकट होऊन सुटतो. घरी ते लक्षातही येत नाही. पुढच्या सहलीत मात्र डोंगरावर ऐन रात्री ताडपत्री गळते, अंथरूण भिजते आणि थंडी जिवावर बेतू शकते. तेव्हा मुलांना एवढी सवय जरूर लावा: सामान वाळून कपाटात गेले, की मगच सहल संपली.