गोत्र पाहिलं, नाडी पाहिली. रक्त कुणी पाहिलं?

मंडळी, तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे बायोडेट्यांची ये-जा सुरू होते. त्यासोबत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "गोत्र म्हणजे आपल्या ऋषीमुनींचं जेनेटिक्सच हो!" मी बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की गप्प बसवत नाही. आज जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गोत्र चालतं बापाकडून. देवकाचंही तेच. दहा पिढ्या मागे गेलात तर प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज होतात (काही नावं दोनदा येतील, ते सोडा). त्यातल्या एकाच पूर्वजाचा धागा गोत्र धरून ठेवतं. उरलेल्या १,०२३ जणांनी काय पाप केलं? देशस्थांत, मराठ्यांत आणि इतरही कितीतरी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे. इरावतीबाई कर्व्यांनी ते पुस्तकात नोंदवलंय. आपल्या गुजराती शेजाऱ्यांना अजून त्याचं नवल वाटतं. मामेबहिणीचं गोत्र वेगळं, म्हणून चालतं. पण तिच्यात आणि भावात सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. उलट त्याच गोत्राचं पण दहा पिढ्यांत कसलाच संबंध नसलेलं स्थळ आपण न बघताच परत पाठवतो.

नाडीचं तर बोलूच नका. सत्तावीस नक्षत्रं, नऊ-नऊचे तीन गट, आणि ३६ पैकी ८ गुण तिचे. सख्ख्या भावाबहिणीची नाडी वेगळी निघू शकते आणि टोकियोत जन्मलेल्या मुलीची तुमच्याशी एक. रक्ताशी संबंध कुठे आला? "एकाच रक्तगटाचं लग्न नको" हाही तसलाच समज. गटात बघायचं असतं ते एवढंच की आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह आहे का. तसं असलं तरी वेळेवर इंजेक्शन घेतलं की झालं.

आता खरं जेनेटिक्स काय म्हणतं ते ऐका. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीने आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून दाखवलं, की आजचे बहुतेक भारतीय दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, कुणात एकाचा अंश जास्त, कुणात दुसऱ्याचा. पुढे २०१३ च्या अभ्यासात मिश्रणाचा काळही निघाला : साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. म्हणजे त्या काळात सगळे सगळ्यांत मिसळले, आणि नंतर दारं बंद झाली. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षाही खोल निघाली. दहा लाखांहून मोठ्या जातीसुद्धा त्यात आहेत. जात मोठी असली तरी आजोबा-पणजोबांचा साठा छोटाच असू शकतो. अशा साठ्यात एखादं बिघडलेलं जनुक असलं, तर ते दोन्ही बाजूंनी एकाच बाळात येण्याचा संभव वाढतो.

जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने, हे एका माणसाने ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. ते होते डॉ. आंबेडकर, आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेलेले. दुसऱ्या वर्षी ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कामाठीबागेत बसून राहिले. त्या बागेत आपण सगळे लहानपणी खेळलो, पण घरात ही गोष्ट कुणी सांगितली नाही. महाराजांनी बालविवाहबंदीचा कायदा १९०४ सालीच केला होता. सोयरीक कुठे करायची, त्यावर मात्र कुणाचा कायदा चालला नाही.

आमचं घराणं खंडेराव महाराजांच्या वेळी साताऱ्याकडून इथं आलं. घरात मराठी, मंगळबाजारात गुजराती, आमटीत गूळ अंमळ जास्तच. पण मुलगी बघायची म्हटलं की गाडी अजून 'देशावर'च. आणि बडोद्यातच बघायची तर तीच चाळीस-पन्नास घरं, एकमेकांत चार वेळा गुंतलेली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार. दर तीन आठवड्यांनी एक दिवस गैरहजर. थॅलेसेमिया मेजर. त्या दिवशी तिला रक्त चढवत, आणि रक्तातून साठलेलं लोह काढायला रोज औषध. आईवडील एकाच जातीतले, पत्रिका २८ गुणांनी जुळलेली. दोघंही ठणठणीत, आईला म्हणे लग्नाआधी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या, हिमोग्लोबिन काही वर यायचं नाही. वाहक माणूस असाच दिसतो. दोघं वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक, ही शक्यता.

म्हणून जातीबाहेर लग्न केलं की सुटलो, असंही नाही बरं का. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी-लोहाण्यांत जास्त आहेत, आपल्यातही आहेत. आपल्या शेजारच्या छोटाउदेपूरकडे, तिकडे नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल आहे. एकाकडून थॅलेसेमिया, दुसऱ्याकडून सिकलसेल आला तरी मूल आजारी पडतं. सिकलसेलसाठी सरकारने जुलै २०२३ मध्ये देशभर मोहीम सुरू केली, ७ कोटी लोकांना तपासायचं ठरवलंय. आपण मात्र समजतो, की ते आदिवासींचं काम, आपलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पत्रिका बघायची तर बघा, घरच्यांचं समाधान होतं. पण त्याआधी सीबीसी आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी ही तपासणी करा. त्यात एचबीए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं की डॉक्टरांना विचारा. ती जन्मात एकदाच करायची. मुलीकडे रिपोर्ट मागायला संकोच वाटतो ना? मग मुलाकडच्यांनी आपला आधी पाठवावा. आमच्या भाच्याचा आम्ही पाठवला. एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, "मुलाला काही आहे का?" म्हटलं, नाही, म्हणूनच पाठवला; असतं तरी पाठवला असता. दुसऱ्या स्थळाने न मागता आपल्या मुलीचा पाठवून दिला.

आणि एकजण वाहक निघाला म्हणून स्थळ मोडू नका. एकटा वाहक असला तर थॅलेसेमिया मेजरचं मूल होत नाही. दोघंही निघाले तरी दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी होते. फक्त वाहकाच्या सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या, मावशी-मामांच्या मुलांनाही सांगा. ज्या घरात मुलं कॉलेजात आहेत, त्यांनी आधी चौकशी करा. रेडक्रॉस कॉलेजांतून ही तपासणी करतं, कदाचित तुमच्या मुलाची झालेलीही असेल आणि तो कागद कपाटात पडला असेल.