गर्भवतीची कावीळ आणि पुण्याचे पाणी

घरातील सून वा लेक गर्भवती राहिली की तिच्या खाण्यापिण्याची काळजी सारे कुटुंब वाहते. तिचे डोहाळे पुरवले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा सोहळा होतो. मात्र तिच्या पेल्यातील पाणी कोठून आले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ‘ई’ प्रकारच्या काविळीपुढे तोच प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

कावीळ हे यकृताला झालेल्या इजेचे लक्षण आहे. ती घडवणारे विषाणू निरनिराळे. ‘बी’ आणि ‘सी’ हे प्रामुख्याने रक्तावाटे पसरतात. पैकी ‘सी’ आज बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हे उपचार मोफत आहेत. गर्भवतीला ते सहसा प्रसूतीनंतर दिले जातात. ‘ई’ची गोष्ट वेगळी. तो मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. एरवी धडधाकट माणूस काही आठवड्यांत त्यातून उठतो. शंभरात एखादाच दगावतो. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मात्र हेच प्रमाण शेकडा वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकते. या विषाणूवर वापरले जाणारे औषध गर्भाला घातक असल्याने तिला देता येत नाही. चीनने २०११ मध्ये लसीला मान्यता दिली, पण आपल्याकडील गर्भवतींना ती मिळत नाही. तेव्हा शुद्ध पाणी हेच तिचे खरे संरक्षण.

हे ज्ञान पुण्याला परके नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि एकोणतीस हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली. ती कावीळ ‘ए’ वा ‘बी’ नव्हती, हा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. ज्या शहरात या रोगाचा असा शोध घेतला गेला, त्या शहरातील पाणी तरी निर्धोक असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वास्तव काय आहे? २०१२ मध्ये इचलकरंजीत याच ‘ई’ विषाणूच्या साथीने बळी घेतले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण आढळू लागले, पुणे परिसरातील आकडा दोनशेच्या पुढे गेला. तो आजार निराळा, पण संशयाची सुई पुन्हा पाण्याकडेच वळली. महापालिकेत गावे समाविष्ट झाली, कर आले. शुद्धीकरण केलेले पाणी मात्र सर्वांपर्यंत पोहोचले नाही.

यामागचे कारण गूढ नाही. नळाला पाणी ठरावीक वेळच येते. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब उतरतो आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी फुटक्या जोडातून आत ओढले जाते. शिवाय बाधा झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा आठवडे जातात. पहिला रुग्ण सापडतो तेव्हा दूषित पाणी कधीच घराघरांत पोहोचलेले असते. साथ आल्यावर धावाधाव करणारे प्रशासन म्हणूनच नेहमी उशिरा पोहोचते.

मध्यमवर्गाने यावर आपल्यापुरता उपाय शोधला. स्वयंपाकघरात शुद्धीकरण यंत्र बसले आणि नळाच्या पाण्याबद्दलची तक्रार संपली. पण त्याच घरी धुणीभांडी करणारी गर्भवती भगिनी वस्तीतल्या नळाचे वा टँकरचे पाणी पिते. ज्यांच्या शब्दाला महापालिकेत वजन आहे, त्यांनी आवाज उठवणेच सोडले, तर तिच्या वतीने बोलणार कोण? समाज एक आहे असे आपण म्हणतो, त्याची कसोटी अशा ठिकाणी लागते.

म्हणून नागरिकांनी नेमकी मागणी करावी. नळाच्या टोकाशी किती क्लोरीन उरते, याचे प्रभागवार आकडे महापालिकेने दर आठवड्याला जाहीर करावेत. गटारालगतच्या जुन्या वाहिन्या आधी बदलाव्यात. समाविष्ट गावांतील विहिरींचे पाणी प्रक्रियेविना सोडू नये. कार्यकर्त्यांनीही हातभार लावावा. पाण्यातील क्लोरीन दाखवणारी ‘ओटी चाचणी’ कोणालाही काही मिनिटांत शिकता येते. वस्तीवस्तीत ती नियमित झाली, तर एका मोर्चाहून अधिक काम होईल.

घरोघरीही एक पथ्य पाळावे. गर्भवतीला उकळून थंड केलेलेच पाणी द्यावे. तिचे डोळे वा लघवी पिवळी दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कावीळ ‘उतरवण्या’च्या माळा आणि मंत्र यांना आयुर्वेदाचा आधार नाही, त्यात गेलेले दोन दिवस दोन जीव घेऊ शकतात.

मातेला देवता मानणाऱ्या समाजाने तिच्या ओठांशी जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. नदीची आरती करणारे हात नळाच्या पाण्याचा नमुना घ्यायलाही पुढे यावेत.