चेंडू परत येतो तेव्हा

आमच्या डोंबिवलीत पहाटे साडेपाचला रस्त्यावर दोनच प्रकारची माणसे दिसतात. एक स्थानकाकडे धावणारी आणि दुसरी कुत्र्याच्या पट्ट्यामागे धावणारी. तेहतीस वर्षे मी पहिल्या प्रकारात होतो. निवृत्तीनंतर दुसऱ्यात बढती मिळाली, असे घरची मंडळी म्हणतात.

मोती हा लॅब्रॅडॉर आमच्या चिरंजीवांनी आणला आणि दोन वर्षांनी नोकरीनिमित्त बंगळुरूला जाताना आमच्या हवाली केला. तोवर मोतीच्या लेखी मी रात्री साडेनऊला दार वाजवणारा एक गृहस्थ होतो. मला पाहून तो शेपूट हलवी, पण जागचा उठत नसे. मुलगा गेल्यावर तो आठवडाभर दाराशी बसून राहिला; अन्नाला तोंड लावीना. पशुवैद्यांनी तपासले, आजार काही नाही म्हणाले. "याच्याशी खेळा," एवढाच सल्ला त्यांनी दिला.

खेळणे मला ठाऊक नव्हते. स्वतःच्या मुलाशीही मी फारसा खेळलो नव्हतो. तो उठण्यापूर्वी निघायचे आणि झोपल्यावर परतायचे, हे त्या काळी कर्तव्यच वाटे. सोसायटीच्या मागील मोकळ्या जागेत मी चेंडू फेकला. मोती धावला, चेंडू तोंडात धरून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. मी मागे लागलो, तो पुढे पळाला. शेवटी जबडा उघडून चेंडू काढून घेतला, तर पुढच्या खेपेस तो जवळच येईना.

चूक माझी होती, हे उमगायला पंधरा दिवस गेले. पळत्या वस्तूमागे धावणे हे श्वानकुळाचे शिकारी अंग आहे. आपला कारवानी कुत्राही सशामागे वाऱ्यासारखा सुटतो. म्हणून तो चेंडू आणून देईलच असे नाही. अवघड भाग परतीचा आहे. तोंडी आलेली वस्तू आपण होऊन दुसऱ्याच्या हाती ठेवणे विश्वासावाचून घडत नाही. ठेवीदारावर बळजबरी केली तर तो खाते बंद करतो, हे मला बँकेत कोणी सांगावे लागले नव्हते; येथे मात्र कुत्र्याकडून शिकावे लागले.

मग दोन चेंडू घेतले. एक घेऊन आला की दुसरा दाखवायचा. पहिला तो आपोआप सोडतो, लगेच दुसरा फेकायचा. दिल्याने वस्तू जात नाही, उलट खेळ पुढे चालतो, हे त्याला हळूहळू कळते. तो येत नसेल तर त्याच्यामागे न लागता आपण उलट दिशेला चार पावले पळावे; मग पाठलाग तो करतो. साठीतला माणूस असा पळू लागला की शेजारी खिडकीत येतात. तिकडे दुर्लक्ष करावे.

एके रविवारी सौभाग्यवतींनी हा प्रकार फोनवरून मुलाला दाखवला. "बाबा, तुम्ही धावताय?" एवढेच तो म्हणाला आणि बराच वेळ पाहत राहिला.

लॅब्रॅडॉरला पाश्चात्त्यांनी जोपासले ते बंदुकीने पाडलेले पक्षी न चावता आणून देण्यासाठी. हे प्रयोजन आपल्याला रुचणारे नाही. पण त्याच जातीने पुढे प्राण वाचवण्याचे कामही केले. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या 'जंजीर'ने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधले, तो लॅब्रॅडॉरच होता. त्याच्या कामगिरीत मुंबईबरोबर आपल्या मुंब्रा-ठाण्याचीही नावे येतात. शोधपथकांतील कित्येक कुत्र्यांना बक्षीस म्हणून आजही चेंडूच मिळतो. आपल्याला जी जोखीम दिसते, ती कुत्र्याच्या दृष्टीने आपल्या माणसाबरोबरचा खेळ असते.

या ओढीचे मूळ बरेच जुने असावे. स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये लांडग्यांच्या १३ पिल्लांची चाचणी प्रसिद्ध केली; त्यांपैकी तिघांनी, काही न शिकवता, अनोळखी माणसाला चेंडू आणून दिला. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना आढळले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. माता आणि अर्भक यांच्या जवळिकीत आढळणारे द्रव्य ते हेच. हा प्रयोग नजरेचा आहे, चेंडूचा नव्हे. पण चेंडू पायाशी ठेवल्यावर कुत्रा काय करतो, ते पाहावे. तो मान वर करून आपल्या डोळ्यांत पाहतो.

आपल्याकडे अडचण जागेची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तीस-चाळीस फुटांची मोकळी पट्टी मिळणेही भाग्याचे, आणि वाहत्या रस्त्यालगत पट्टा सोडणे धोक्याचे. अशा वेळी घरातला बोळही पुरतो. चेंडू घशात अडकणार नाही इतका मोठा असावा. काठी फेकू नये, ती तोंडात रुतते. उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर डांबर तापू लागते, त्यापूर्वी घरी यावे. आणि कुत्रा थकण्याची वाट न पाहता, त्याला अजून हवे असतानाच थांबावे.

मोती आता अकरा वर्षांचा आहे. कंबर धरते, धावणे संपले. मी चेंडू दहा फुटांवर घरंगळत सोडतो. तो सावकाश जातो, उचलतो, निम्म्या वाटेवर येऊन बसतो आणि माझ्याकडे पाहतो. उरलेली निम्मी वाट मी चालतो.