संस्थेची नोकरी, गावचं काम

आपली बारावी झालेली पोरं-पोरी आता संस्थांत कामाला लागतात. पगार येतो, घर चालतं. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. चळवळीत येणाऱ्यालाही पोट आहे.

पण संस्थेचा प्रकल्प दोन-तीन वर्षांचा. पैसा संपला की गाडी दुसऱ्या तालुक्यात जाते. आपला दावा मात्र प्रांत ऑफिसात पडून राहतो, आणि त्यात काय लिहिलंय हे गावात कुणालाच ठाऊक नसतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने दावे मागवायचा, ठराव करायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, संस्थेला नाही. वनहक्क समितीही 10 ते 15 जणांची, गावातलीच. मग आपली कागदं संस्थेच्या कपाटात कशाला?

संस्थेत लागलेल्या भावा-बहिणींनो, अर्ज भरून देऊ नका, समितीला भरायला शिकवा. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात, तो गावात बसून लिहा. पंचनामा, नकाशा, पोच, सगळ्याची प्रत गावात ठेवा. साहेबाला अहवाल देता, तसा ग्रामसभेलाही हिशेब द्या.

आणि गावानेही सगळं त्यांच्यावर टाकू नये. येत्या ग्रामसभेत विचारा: आपली कागदं कुणाकडे आहेत?