शेवट ठाऊक नसलेली पाने

दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, जालन्यात टाऊन हॉलजवळच्या हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभाला अभिवादन होते आणि भाषणांतून निजामी राजवटीच्या शेवटाची कथा पुन्हा सांगितली जाते. ती सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला निकाल आधीच माहीत असतो. पण ऑगस्ट 1947 ते सप्टेंबर 1948 हे तेरा महिने जे जगले, त्यांना तो माहीत नव्हता. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार गावात येतील का, बायकामुलांना सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात पाठवावे का, शेजाऱ्यावर भरवसा ठेवावा का, याचा निर्णय त्यांना अंधारात घ्यावा लागला. त्या काळाविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक नंतर लिहिलेले आहे; मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणीसुद्धा 1967 साली प्रसिद्ध झाल्या. त्यांचे मोल मोठे आहे, पण त्या दिवशीच्या कागदाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

हे का, ते दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या रोजनिश्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की कळते. मराठी वाचक सहसा ॲन फ्रँकपाशी थांबतो. तिची वही जुलै 1942 पासून ॲमस्टरडॅममधल्या लपायच्या जागेत लिहिली गेली. बाहेरचे जग तिला ऐकू येई, दिसे फार थोडे. त्याच वर्षांत ड्रेस्डेनमध्ये व्हिक्टर क्लेम्पेरर हे साठीतले प्राध्यापक न लपता उघडपणे जगत होते. पत्नी ज्यू नसल्यामुळे त्यांची छळछावणीत होणारी पाठवणी लांबत गेली. टंकलेखन यंत्र गेले, पाळलेले मांजर गेले, असा एकेका फतव्याचा हिशेब त्यांनी ठेवला. लोड्झच्या बंदिस्त वस्तीत डेव्हिड शेराकोव्याक हा विद्यार्थी भाकरीचे वजन आणि घरातली भूक नोंदवत होता. 1943 मध्ये तो एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेला. एकीत कोंडलेपण, दुसरीत कायद्याचा फास, तिसरीत पोटाची आग. एकच वाचली तर छळाचे एकच तोंड दिसते. मात्र एक गोष्ट तिघांत समान आहे: उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून वेडी आशा आणि चुकलेले अंदाजही पानावर तसेच राहिले आहेत. आठवणी लिहिताना माणूस नेमके तेच पुसतो.

युरोपातला वंशसंहार आणि मराठवाड्यातला जुलूम यांची तुलना कशी होईल, असे कोणी विचारेल. ती होऊ नये, आणि इथे केलेलीही नाही. साठ लाख माणसे पद्धतशीर मारणारी यंत्रणा वेगळीच होती. प्रश्न दुःखाच्या मोजमापाचा नसून पुराव्याच्या जातीचा आहे. दुसरा आक्षेप असा की रोजनिशीत अफवा असतात, राग असतो, एकट्याची नजर असते. खरे आहे. ॲननेसुद्धा मार्च 1944 मध्ये रेडिओवरचे आवाहन ऐकल्यावर आपला मजकूर वाचकांसाठी पुन्हा लिहायला घेतला होता. म्हणूनच एका वहीवर न विसंबता अनेक वह्या ताडून पाहायच्या. अफवाही उपयोगाची असते. लोक कशाला भीत होते, ते तीच सांगते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुन्या जखमा कशाला उकरायच्या? पण जखम झाकल्याने भरलेली नाही. निजामी राजवट संपवणाऱ्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानभरात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा अंदाज नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने दिला होता. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. त्यामुळे एका घरात रझाकारांचा छळ तेवढा सांगितला जातो, दुसऱ्या घरात नंतरचा सूड. क्लेम्पेरर एकाच दिवसाच्या पानात शिवी देणारा जर्मन आणि गुपचूप धीर देणारा जर्मन, दोघांनाही जागा देतात. रोजनिशीत शेजारी हा नावागावाचा माणूस असतो. नंतरच्या कथेत त्याची नुसती जमात उरते. कोणी कोणाला लपवले आणि कोणी कोणाला दाखवून दिले, हे त्या वेळच्या कागदांतून निघाले, तर दोन्ही घरांच्या कथा एकत्र वाचता येतील.

त्या काळी लिहिणारे होते तरी किती, असेही म्हणता येईल. शाळा थोड्या, शिक्षण उर्दूतून. रोजनिशी ठेवणारे बोटांवर मोजण्याइतके असतील. त्यावर वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीतील इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांचे उदाहरण आहे. त्यांच्या गटाने रोजनिश्यांबरोबर पत्रे, भित्तिपत्रके, शिधापत्रिकाही गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरल्या. त्यांतला बराच भाग 1946 आणि 1950 साली सापडला. जालन्यासारख्या बाजारपेठेत आडतीच्या वह्या असतील, वऱ्हाडात गेलेल्यांची पत्रे असतील, पंचांगाच्या समासातल्या दोन ओळी असतील. सरकारी दप्तर पुराभिलेखागारात सांभाळले जाते. घरातला कागद मात्र वाडा पाडताना रद्दीत जातो. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीला टेकले आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी मोडी व उर्दू वाचणारी माणसे सोबत घेऊन, हिंदू-मुसलमान दोन्हींच्या घरी जाऊन, हे कागद निदान छायाचित्रांच्या रूपाने जतन करावेत. पुढच्या 17 सप्टेंबरच्या भाषणात त्यातले एखादे पान वाचले गेले, तरी समोर बसलेल्यांना घटकाभर निकाल विसरावा लागेल.