आधी धार, मग मशीन

गेल्या आषाढात न्हाणीघराचं दार फुगलं, तेव्हा मी भर पावसात त्यावर रंधा चालवला. दिवाळीत त्याच जागी करंगळी जाईल एवढी फट! लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि हवा कोरडी झाली की आकसतं, हे आमच्या सुतारमामांनी नंतर सांगितलं. यंदा पुढचं दार अडलं. मामांनी ते उतरवून खालच्या कडेवरून हात फिरवला. "इथं रंग कुणी मारायचा?" लाकूड पाणी पितं ते तिथल्या उघड्या टोकातूनच. मग कडीचं भोक जरा वाढवायचं, तर काम दोन मिनिटांचं. पटाशी दगडावर घासण्यात मात्र पंधरा मिनिटं. (चहा वेगळा.) माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, बिटांचा डबा आहे, धारेचा दगड नाही. पीठ आहे, तवा नाही, तसलाच प्रकार. हौशी मंडळींनी पहिले पैसे दगडावर घालावेत, मग एका चांगल्या पटाशीवर. मशीन सगळ्यात शेवटी. दार जिथं घासतं तिथं मामांनी पेन्सिलीनं खूण केलीय. रंधा मार्गशीर्षात. तोवर आमच्याकडे आलात तर दाराला खांदा लावा.